नियम न मोडता नियमाला वळसा घालणारी मुलगी

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मी कशाला उत्तर देते आहे ते इतर पालकांनाही कळेल. मुलगी नववीत आहे. चित्रकला उत्तम, मार्क बरे, शाळेतून आजवर एकही तक्रार नाही. शाळेचा नियम असा, की शाळेच्या ग्रंथालयाचं पुस्तक सोडून दुसरं कुठलंही गोष्टीचं पुस्तक वर्गात आणायचं नाही. मुलीने जूनपासून ग्रंथालयाच्या बाईंना मदत करायला सुरुवात केली, मैत्रिणींकडून घरातली पुस्तकं आणि कॉमिक्स शाळेला भेट म्हणून गोळा केली, त्यांवर रीतसर शिक्का मारून घेतला आणि आता तीच पुस्तकं ऑफ तासाला वर्गभर फिरताहेत. दुसरं म्हणजे, रफ वहीत ती एक सचित्र गोष्ट क्रमशः लिहिते आणि ती वही हातोहात जाते, कारण रफ वही कुणी तपासत नाही. आणि शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की दोन मैत्रिणींच्या डायरीत ती त्यांच्या पालकांच्या सह्याही करून देते, आणि त्यातल्या एकीचे वडील फार कडक आहेत. तुमचे यजमान म्हणतात हुशार आहे, सोडून दे. सासूबाई म्हणतात आत्ताच वळण लावा. तुम्ही विचारताय: कौतुक करू, रागवू, की शाळेला सांगू?

मी आधी माध्यमिक शाळेत शिकवत होते आणि आता बरीच वर्षं शालेय समुपदेशक म्हणून काम करते. अशी मुलं माझ्याकडे शिक्षा म्हणून फारशी पाठवली जात नाहीत, कारण ती पकडलीच जात नाहीत. दुसऱ्याच कशाबद्दल बोलायला येतात आणि बोलता बोलता ही कारागिरी बाहेर पडते. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगते: तुम्ही या तिन्ही गोष्टींना मिळून एकच उत्तर शोधताय, आणि म्हणून ते सापडत नाहीये. पुस्तकं, रफ वही आणि सह्या या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचं कौतुक करा, दुसरीत पडू नका, तिसरी याच आठवड्यात हातात घ्या.

सह्यांचा उल्लेख तुम्ही सगळ्यात शेवटी केलात, मी तिथूनच सुरुवात करते.

एका वर्गात पन्नास-साठ मुलं असतात. वर्गशिक्षिकेला रोज प्रत्येक घरी फोन करता येत नाही. डायरीतला शेरा, चाचणीचे गुण आणि त्याखालची पालकांची सही, एवढ्यावर ती धरून चालते की घरी कळलंय. सही खोटी असली की बाईंना वाटतं घरच्यांना माहीत आहे, घरच्यांना वाटतं सगळं सुरळीत आहे, आणि मधल्या मधे ती मैत्रीण एकटी पडते. तिला गणितात मदत हवी असेल तर ते कुणालाच दिसत नाही. तुमच्या मुलीला हे कदाचित सुचलंही नसेल, कारण तिच्या डोळ्यांसमोर बाई आणि शिक्षा आहे. मैत्रिणीचं सहा महिन्यांनंतरचं प्रगतिपुस्तक नाही. हे तिला समजावण्यासारखं आहे आणि चौदा वर्षांच्या मुलीला समजतंही.

पण ते सांगण्याआधी तुम्हाला एक गोष्ट शोधून काढावी लागेल. ते वडील कडक आहेत म्हणजे नेमकं काय करतात? बोलतात, टीव्ही बंद करतात, की हात उचलतात? मुलीला एवढंच विचारा: "घरी कळलं तर काय होईल असं तिला वाटतं?" आणि मग गप्प बसा. उत्तर यायला वेळ लागेल. ही चौकशी समोरासमोर बसवून करू नका. भाजी निवडताना, स्कूटरवर मागे बसलेली असताना, जिथे एकमेकींच्या डोळ्यांत बघावं लागत नाही अशा वेळी या वयाची मुलं जास्त बोलतात.

उत्तर साधं असेल, म्हणजे ओरडा बसतो, क्लासवरून टोमणे ऐकावे लागतात, तर मार्ग सोपा आहे. त्या मुलीने आधी आपल्या आईला सांगायचं, हवं तर तुमच्या मुलीला बरोबर घेऊन. बहुतेक घरांत आईला कळल्यावर पुढची सही ती स्वतः करते आणि वडिलांना कधी, कसं सांगायचं तेही बघते. पण उत्तरात पट्टा असेल, वळ असतील, जेवण बंद करणं असेल, तर हा सह्यांचा विषयच राहत नाही. मग तुम्ही एक मोठी व्यक्ती आहात जिला एका मुलीला मार बसतो हे कळलंय. त्या वडिलांना स्वतः फोन करू नका, त्याचा राग रात्री त्या मुलीवर निघतो. शाळेत समुपदेशक असेल तर तिला, नसेल तर मुख्याध्यापिकेला एकट्यात भेटून सांगा. शाळेत कुणी ऐकून घेणारं नसेल तर 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक दिवसरात्र चालतो आणि त्यावर कुणीही फोन करू शकतं. तुम्ही कुणाला, काय सांगणार आहात हे आपल्या मुलीला आधी सांगा. तिच्या पाठीमागे केलंत तर मैत्रिणीचा विश्वास तिने मोडला असं तिला वाटेल, आणि त्यानंतर ती तुम्हाला काहीच सांगणार नाही.

क्रम महत्त्वाचा आहे: आधी मैत्रिणीची सोय, मग सह्या बंद. नुसतं "ही फसवणूक आहे, उद्यापासून बंद" म्हणालात तर तिला ऐकू येईल की मैत्रिणीला मार खाऊ दे. या वयात मैत्रिणीशी इमान सगळ्यात वर असतं. मग ती सह्या करतच राहील, फक्त तुम्हाला कळू देणार नाही. मात्र सोय झाली की सह्या थांबल्याच पाहिजेत. त्यात तडजोड नको.

झालेल्या सह्यांबद्दल शाळेत कबुली द्यावी का? हे खरोखर शाळेवर अवलंबून आहे. वर्गशिक्षिका ऐकून घेणारी असेल तर तिघींनी मिळून जावं, त्याने त्यांचंही ओझं उतरतं. पण परिपाठाला सगळ्या शाळेसमोर उभं करून नाव घेण्याची पद्धत असेल, तर मी मुलींना तिथे पाठवणार नाही. तिथे शिकायला मिळते ती फक्त लाज.

आणखी एक. दुसऱ्याचं अक्षर हुबेहूब उतरवणारा हात ही दुर्मीळ गोष्ट आहे. त्या हाताला खरं काम द्या. इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा बहुधा ती देतेच असेल. त्यापलीकडे सुलेखन आहे, मोडी लिपी आहे. मोडीचे वर्ग महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी चालतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीतले कागद लाखोंनी पडून आहेत आणि ते वाचणारे थोडे. जुना कागद वाचायला लेखकाच्या हाताचं वळण ओळखावं लागतं, आणि तुमच्या मुलीला नेमकं तेच जमतं. सह्या बंद केल्यावर रिकाम्या झालेल्या जागी काहीतरी लागतं, म्हणून हे सांगितलं.

आता पुस्तकांकडे येते. यात मला चूक दिसत नाही. शाळेचा नियम होता की ग्रंथालयाचंच पुस्तक हवं. तिने पुस्तकं ग्रंथालयाची केली. शिक्का खरा, नोंद खरी, बाईंना माहीत आहे, शाळेला पुस्तकं मिळाली, वर्गाला वाचायला मिळालं. कुणी तिला थेट विचारलं तर ती खरं तेच सांगू शकेल. हीच माझी कसोटी आहे. मूल जेव्हा नियमाला वळसा घालतं तेव्हा मी दोन गोष्टी बघते: त्याची किंमत दुसऱ्या कुणाला मोजावी लागते का, आणि समोरून विचारलं तर मुलाला खोटं बोलावं लागेल का. पुस्तकांच्या बाबतीत दोन्ही उत्तरं 'नाही' आहेत. सह्यांच्या बाबतीत दोन्ही 'हो' होती.

तिच्या डोक्यात काय चाललंय हे समजायला पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाचं काम मला फार उपयोगी पडलं. 1932 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी तो जिनिव्हा आणि नूशातेलमध्ये मुलांबरोबर गोट्या खेळत असे आणि विचारत असे, हे नियम कुणी केले, ते बदलता येतील का? लहान मुलं म्हणत, नियम मोठ्यांनी केलेत, बदलता येणार नाहीत. अकरा-बाराच्या पुढची मुलं म्हणत, सगळ्यांना मान्य असेल तर बदलू. आपल्याकडे गल्लीत क्रिकेट खेळणारी पोरं बघा, टप्पा पडून झेल घेतला तर आउट की नाही हे रोज नव्याने ठरतं. म्हणजे नियम ही माणसांनी केलेली वस्तू आहे हे तुमच्या मुलीला कळलंय. ते याच वयात कळायचं असतं. ज्यांना कधीच कळत नाही अशी मोठी माणसंही मी पाहिली आहेत आणि त्यांच्या हाताखाली काम करणं फार जड जातं.

त्यानंतर इलियट ट्युरिएल आणि ज्युडिथ स्मेटाना या अमेरिकी संशोधकांनी एक पुढचा भेद दाखवला. कुणाला मारू नये, चोरी करू नये, हे नियम मुलांना एका जातीचे वाटतात. गणवेश, रिबिनी, पेनाचा रंग हे दुसऱ्या. पहिले कुणी लिहिले नसते तरी पाळायचे, दुसरे ठरवले म्हणून पाळायचे, हे लहान मुलांनाही कळतं. किशोरवयात तिसरा कप्पा मोठा होतो: हे माझं मी ठरवणार. काय वाचायचं, कुणाशी मैत्री करायची, वहीच्या मागच्या पानावर काय काढायचं. शाळा आणि घर यांच्याशी होणारी बहुतेक भांडणं या दुसऱ्या आणि तिसऱ्या कप्प्याच्या सीमेवर होतात. तुमची मुलगी भांडत नाही, तिने वाट काढली आहे.

म्हणून रफ वहीत पडू नका. ती वाचूही नका. एकच गोष्ट तिला विचारा: गोष्टीत वर्गातलं कुणी आहे का? एखाद्या मुलीची उंची, रंग, बोबडं बोलणं किंवा एखाद्या बाईंची चाल त्यात येत असेल, तर वही हातोहात फिरते तेव्हा किंमत ती व्यक्ती मोजते आहे. तसं नसेल तर ही वही म्हणजे एका चौदा वर्षांच्या मुलीला मिळालेला पहिला वाचकवर्ग आहे, आणि दर आठवड्याला पुढचा भाग मागणारे वाचक मोठ्या लेखकांनाही सहज मिळत नाहीत. तास चालू असताना ती फिरत असेल तर मात्र तेवढं थांबवायला सांगा.

शाळेची बाजूही तिला समजायला हवी. मी शाळेत राहिले आहे म्हणून सांगते, प्रत्येक विचित्र नियमामागे एक जुना प्रसंग असतो. घरून आणलेलं महागडं पुस्तक हरवलं, पालक भांडायला आले, किंवा कुणाच्या दप्तरात नको ते मासिक सापडलं, आणि दुसऱ्या दिवशी शिपाईकाका सूचनावही घेऊन वर्गावर्गात फिरले. प्रसंग विसरला गेला, नियम राहिला. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी हे काम देते: हा नियम कधी आणि का आला ते जुन्या शिक्षकांना, ग्रंथपालांना, कार्यालयातल्या क्लार्कना विचारून या. कारण मिळालं की मुलं आश्चर्य वाटावं इतकी समजूतदार होतात. कारण मिळालंच नाही तर नियम बदलायला तो उत्तम मुद्दा असतो.

तुम्ही शाळेला स्वतःहून पुस्तकांबद्दल सांगू नका. शिक्षकांवर माझा राग नाही, पण एक गोष्ट आमच्या व्यवसायात अनुभवाला येते आणि संशोधनातही आली आहे. 1995 मध्ये वेस्टबी आणि डॉसन यांनी प्राथमिक शिक्षकांना त्यांचे आवडते आणि नावडते विद्यार्थी कसे आहेत ते विचारलं. सर्जनशील मुलं आवडतात असं शिक्षक म्हणत होते, पण आवडत्यांचं वर्णन सर्जनशील मुलाच्या वर्णनाशी जुळत नव्हतं. नावडत्यांचं जास्त जुळत होतं. हे मला पटतं. दिवसाला सहा-सात तास, गच्च वर्ग, संपत न आलेला अभ्यासक्रम अशा धावपळीत जे मूल वेगळी वाट काढतं ते आधी अडचण म्हणूनच दिसतं. तुमच्या तोंडून "आमची मुलगी नियमातून पळवाट काढते" असं गेलं, तर उद्यापासून तिच्याकडे बघण्याची नजर बदलेल.

ही नजर सगळ्या मुलांसाठी सारखी नसते, हेही इथे लिहिलं पाहिजे. तुमची मुलगी चांगल्या मार्कांची, शाळेत नाव असलेली आहे, म्हणून तिचं उघडकीला आलं तर बाई हसून सोडतीलही. तीच युक्ती मागच्या बाकावरच्या, शिक्षणशुल्क माफ असलेल्या, ज्याचे वडील शाळेत यायला कचरतात अशा मुलाने केली तर 'वाया गेलाय' म्हणतात आणि दाखला घेऊन जा म्हणेपर्यंत मजल जाते. अशी मुलं मी पाहिली आहेत. आपल्या मुलीच्या युक्तीत कोण कोण सामील आहे आणि उद्या पकडलं गेलं तर त्यातल्या कुणाला सगळ्यात जास्त भोगावं लागेल, याचा विचार तिने करावा असं तिला जरूर सांगा. हा विचार करणारी मुलं पुढे फार चांगली माणसं होतात.

यजमानांना माझा एक निरोप. "हुशार आहे, सोडून दे" इथवर ठीक, पण नातेवाइकांसमोर हे किस्से रंगवू नका. कौतुक मिळतं म्हटल्यावर युक्ती गरजेपोटी राहत नाही, दाखवण्यासाठी सुरू होते, आणि तिथून पुढची युक्ती आधीपेक्षा धाडसी लागते. सासूबाईंचं म्हणणंही मी टाकून देत नाही. त्यांची भीती खोटेपणाची आहे, आणि सह्यांच्या बाबतीत ती खरी ठरली आहे. फक्त हा वाद मुलीसमोर नको.

आता तुमच्या मुलीला जे येत नाही त्याबद्दल. टिळकांच्या शेंगांच्या टरफलांची गोष्ट आपण प्रत्येक मुलाला सांगतो. त्या गोष्टीतला मुलगा मास्तरांसमोर उभा राहून नाही म्हणतो. तुमची मुलगी समोर उभी राहत नाही, बाजूने जाते. हा भित्रेपणा नाही; शाळेत कुणाच्या हातात काय आहे याचा तिने नीट अंदाज घेतला आहे. पण नेहमी बाजूनेच जाण्याची सवय लागली तर हा नियम का चुकीचा आहे हे मोठ्याने, सभ्यपणे, कारणं देऊन सांगायला ती कधी शिकणार नाही. तिची सुटका होईल, पण पुढच्या वर्षी नववीत येणाऱ्या मुलींसाठी नियम तसाच राहील.

जून 2017 मध्ये इंग्लंडमधल्या एक्झेटर शहरात इस्का अकॅडमी या शाळेत एक प्रसंग घडला. कडक उन्हाळा, पारा तीस अंशांच्या वर, आणि मुलांना हाफपँट घालायला परवानगी नाही. मुलींना स्कर्ट चालत होता. मग तीसेक मुलगे चक्क शाळेच्या गणवेशातले स्कर्ट घालून आले. नियमपुस्तकातलाच गणवेश त्यांनी घातला, पण सगळ्यांच्या देखत. बातमी जगभर गेली आणि शाळेने हाफपँटचा विचार करायची तयारी दाखवली. लपून कुणी घरात हाफपँट घालून वर पँट चढवली असती तर एकट्यालाच गार वाटलं असतं, तेही नाहीच.

तुमच्या मुलीने इतकं नाट्य करायची गरज नाही. तिच्या हातात आधीच चालू असलेला, यशस्वी झालेला प्रयोग आहे. त्याचा अर्ज करायला तिला मदत करा. विषय: प्रत्येक वर्गात पेटीतलं वाचनालय. मुद्दे तिचेच असू देत, तुम्ही फक्त एक-दोन धागे द्या. केंद्र सरकारच्या 2020 च्या दप्तर धोरणानुसार दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त असू नये. चाळीस किलोच्या मुलीला चार किलो. पुस्तकं वर्गातच राहिली तर घरून आणावी लागत नाहीत. हरवण्याची भीती असेल तर नोंदवही वर्गातल्या दोन मुली सांभाळतील. जूनपासून किती पुस्तकं जमा झाली, किती वेळा दिली गेली, किती परत आली, हा हिशेब ग्रंथालयाच्या नोंदवहीत आहेच. तोच तिचा सगळ्यात भक्कम पुरावा. अर्जात ग्रंथपालबाईंचं नाव सन्मानाने यावं, कारण शिक्का मारून त्यांनी या मुलींवर विश्वास टाकला होता. अर्ज देण्याआधी त्यांना दाखवलाच पाहिजे, नाहीतर त्या अडचणीत येतील.

नकार येऊ शकतो. आला तर कारण लेखी मागू नये, तोंडी विचारावं, आणि सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करावा. तोवर शिक्का मारलेली पुस्तकं ग्रंथालयाचीच आहेत, ती वाचायला कुणाची हरकत असण्याचं कारण नाही. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत तुम्ही हा विषय काढू शकता, पण मुलीच्या अर्जाला उत्तर मिळाल्यानंतर. आधी तुम्ही बोललात तर तो तुमचा अर्ज होईल.

वेळेचंही बघा. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो, त्या निमित्ताने शाळा काहीतरी शोधतच असते. पण सहामाही परीक्षाही साधारण त्याच सुमारास येते आणि तेव्हा मुख्याध्यापकांना श्वास घ्यायला फुरसत नसते. म्हणून अर्ज सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात द्यायला सांगा, मोकळ्या तासाला, वर्गशिक्षिकेच्या मार्फत. एक प्रत स्वतःजवळ ठेवावी आणि कार्यालयातून तारखेसह पोच घ्यावी.